थांबा हं

आवाज न देता येणं ही तिच्या मुलाची जुनी खोड होती. दार वाजवायचं नाही, खाकरायचं नाही, चपला अशा काढायच्या की मांजरानं धडे घ्यावेत. आपण ओट्याशी वाकून काही करत असावं, सहज मागं वळावं, तर हा उभा. "अरे, माणूस आहेस की सावली? तोंडानं काही बोलत जा," हे ती त्याला तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून सांगत आली होती. आता त्याच्या कानांवरचे केस पिकले, तरी तेच. निघतानाही तसाच. अर्ध्या ताटावरून कधी उठला, कधी गेला, कुणाला पत्ता नाही. लोक म्हणत, शांत माणूस आहे. ती म्हणायची, शांत कसला, चिकट आहे. एक हाक मारली तर जशी याच्या खिशातून जाते.

आणि आता हाच माणूस भाषणं करत फिरायला लागला होता.

भाषणं विजेवरच्या स्वयंपाकघरांची. पाच-सहा शाळांची स्वयंपाकघरं त्याच्या हाताखाली होती आणि सगळ्यांतून गॅस काढून टाकायचा त्यानं विडा उचलला होता. "आमच्या घरातलं माणूस गेलं," तो माईकवर म्हणायचा, "तेव्हाच मी ठरवलं, मुलांच्या जेवणासाठी कुणा बाईला जाळापुढं उभं राहावं लागू नये." लोक डोळे पुसायचे. आई पहिल्या रांगेत बसून त्याच्या बुटांकडं बघायची. घरातलं माणूस म्हणे. त्या माणसाचं नाव त्यानं घरात एकदाही काढलं नव्हतं. भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटोसुद्धा नव्हता. का, तर त्याच्या पोरीला त्रास होतो.

ती स्वतः एका शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. बायका तोंडावर तिला मावशी म्हणत आणि पाठीमागं मुकादमीण. दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि तेच जास्त आवडायचं. शिक्षण म्हणाल तर दुसरीतच दप्तर खाली ठेवलेलं. पण तिच्या डोळ्यांदेखत बटाटा जाड सोलायची कुणाची छाती नव्हती.

स्वयंपाकघर शाळेच्या मागच्या अंगाला, अर्धं जमिनीखाली. खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा, त्यांच्यावर तेलानं पिवळा पडलेला रंग, आणि छताजवळ आडव्या खिडक्या. त्या खिडक्यांतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचे बूट दिसत. बुटांवरून ती पोरं ओळखायची. एका बाजूच्या भिंतीपलीकडं चिंचोळी खोली होती. पूर्वी तिथं गॅसच्या टाक्या रांगेत उभ्या असत आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा कॉक भिंतीवर होता. त्याच भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर, एक लहान चौकोनी खिडकी. ती उजेडासाठी नव्हती, वाऱ्यासाठीही नव्हती. ती विचारण्यासाठी होती.

रोज सकाळी कॉक उघडण्याआधी टाक्यांच्या खोलीतल्या माणसानं खिडकीशी तोंड नेऊन विचारायचं, "सोडू का?" शेगडीशी उभं असलेल्या माणसानं सगळी बटणं बंद आहेत हे हातानं बघायचं आणि मगच म्हणायचं, "सोडा." तोवर कॉकला बोट लावायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, मुकादमिणीनंच घातलेला होता. शेगडीची भोकं रोज सकाळी पिनेनं मोकळी करावी लागत, फुंकर मारून कचरा उडवावा लागे, आणि ते करताना बटणं उघडी असत. वाकलेल्या बाईचं तोंड तेव्हा शेगडीपासून वीतभर अंतरावर असतं.

शेगडीशी तिची सून असायची, कॉकशी ती. सून बोलायला मवाळ, चालायला हळू, आणि सासूच्या जिभेखाली इतकी वर्षं काढूनही न आंबलेली. "सोडू का गं?" असं सासूनं विचारलं की उत्तर कधी लगेच यायचं नाही. आधी यायचं, "थांबा हं." मग एकेका बटणावरून हात फिरायचा. टक, टक, टक, मोठ्या शेगडीपासून भिंतीकडच्या शेवटच्या बटणापर्यंत. मग एक श्वास, आणि मग, "सोडा."

"अगं, काल बंद करून गेलीस ना सगळी? रात्रीतून त्यांना काय पाय फुटले?" सासू पलीकडून ओरडायची.

"असू द्या हो आई. एकदा हात फिरवला की बरं वाटतं."

मग सासूचा गुडघा सुजला. एक अख्खा हिवाळा ती घरी पाय उशीवर ठेवून पडून होती आणि कॉक उघडायचं काम मुलाकडं आलं. तो तेव्हा शाळेचं कोठार सांभाळायचा. त्याच हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी शेगडीनं भडका घेतला. शेजारी चहाची लहान शेगडी स्वतःच्या वेगळ्या टाकीवर जळत होती, मोठ्या शेगडीची बटणं उघडी होती, आणि सून हातात पिन घेऊन वाकलेली होती. दवाखान्यात ती काही दिवस होती. पण बोलता येईल असं तोंड तिला उरलं नव्हतं.

चौकशी झाली. मुलानं सांगितलं, "मी विचारलं, सोडू का. ती म्हणाली, सोडा. मी सोडला." एवढंच. पुढं कुणी काही विचारलं नाही. सून वेंधळी ठरली आणि विषय मिटला.

मुकादमिणीचा राग तिथंच अडकून बसला. मुलावर नव्हे, गेलेलीवर. रोज थांबा म्हणणारी बाई नेमकी त्या दिवशी बटणं उघडी टाकून सोडा म्हणते? आणि तीही माझ्या हाताखाली शिकलेली? बाहेर तिनं सुनेविषयी चकार शब्द काढला नाही. पण घरात तिची जीभ राहायची नाही. "वेंधळी ती वेंधळीच," असं ती भांडी लावता लावता म्हणून जायची, आणि नात ऐकायची.

नात आता कॉलेजात होती. घरात ती काडी ओढायची नाही, चहासुद्धा करायची नाही. हातून पेला निसटला की हसायची आणि म्हणायची, "मी आईवर गेलेय." हसायची खरी, पण तुकडे गोळा करताना मान वर करायची नाही. हे आजीला दिसायचं, आणि त्याचाही राग ती गेलेलीवरच काढायची.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत टाक्या गेल्या. कॉक कापला, पाइपच्या तोंडाला झाकण बसलं. त्या जागी करड्या रंगाची पेटी आली, तिला हातभर लांबीचा दांडा. तो वर केला की सगळ्या स्वयंपाकघराला वीज. खिडकी तेवढी बुजवायची राहिली, कारण गवंडी दोनदा सांगून आला नाही.

आत जुन्या शेगड्यांच्या जागी काळ्या काचेच्या शेगड्या बसल्या. मुकादमिणीनं त्यांच्याकडं नव्या सुनेकडं बघावं तसं बघितलं. अंग गुळगुळीत, बोलणं चिवचिव, भांडं डोक्यावर ठेवलं तरच तापणार, उचललं की रुसणार. पण पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं की बायकांचे चेहरे दुपारपर्यंत भाजल्यासारखे लाल होत नाहीत, डोळे चुरचुरत नाहीत, आणि तिचा स्वतःचा रात्रीचा खोकला थांबलाय. हे ती मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, "जाळ दिसत नाही तिथं स्वयंपाक कसला? दवाखान्यात उभं असल्यासारखं वाटतं."

पहिली विचित्र गोष्ट पुढं आणली ती भांडीवालीनं. भांडी घासणारी ही बाई अंगानं थोराड आणि तोंडानं मोकळी. तिनं एक मोठं पातेलं पालथं करून मुकादमिणीपुढं धरलं.

"मावशी, हे बघा."

नव्या स्टीलच्या पातेल्याचं बूड काळं होतं. मुकादमिणीनं बोट फिरवलं. काजळी. मऊ, ताजी, बोटावर चढणारी.

"कुठं ठेवलं होतंस हे?"

"कुठं ठेवणार? काचेवरच."

"घरी नेलं असशील पाणी तापवायला."

"एवढं पातेलं घरी? मावशी, माझं घर त्यात मावेल, ते घरात मावायचं नाही."

बाकीच्या बायका हसल्या. मुकादमीण कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेली. मोठी जुनी शेगडी होती त्याच जागी ही नवी बसवली होती. तिनं पदराचं टोक काचेवरून फिरवलं. ते पांढरंच राहिलं. मग ती वाकली, आणि तिला वास आला. थोडासा. नासक्या कांद्यासारखा, नाकाच्या मुळाशी बसणारा. गॅसचा.

"तुला वास येतोय का?" तिनं भांडीवालीला विचारलं.

"येतोय की," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी म्हटलं, मलाच येतोय."

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "गटाराचा असेल. बघायला सांगतो."

त्यानंतर सकाळी वीज जायला लागली. भांडीवाली सगळ्यांत आधी यायची, तीच पलीकडच्या खोलीत जाऊन दांडा वर करायची. दांडा वर जायचा, एक क्षण राहायचा, आणि खाड करून खाली यायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. बऱ्याच झटापटीनंतर तो राहायचा, आणि ज्या दिवशी असा बळजबरीनं राहायचा त्या दिवशी कोपऱ्यातलं पातेलं काळं व्हायचं. इतर कुठलं नाही. तेच.

वायरमन आला. कानावर पेन्सिल अडकवून त्यानं पेटी उघडली, प्रत्येक तार तपासली, कोपऱ्यातली शेगडी उचलून तिच्या पोटात डोकावला. दिवसभरात त्यानं दांडा कितीदा तरी वरखाली केला. एकदाही पडला नाही.

"मावशी, यात काही नाही," तो म्हणाला. "सगळं चोख आहे."

"मग रोज सकाळी पडतो कसा?"

"ते तुम्ही त्यालाच विचारा," वायरमन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत पायऱ्या चढून गेला.

दुसऱ्या दिवशी मुकादमीण स्वतः आधी आली. भांडीवालीला तिनं उशिरा यायला सांगितलं होतं. कोवळं ऊन आडव्या खिडक्यांतून फरशांवर पडलं होतं, बाहेर अजून एकही बूट नव्हता. स्वयंपाकघर रिकामं. पातेली पालथी, फडकी दोरीवर, काळ्या काचा एका रांगेत गप्प. ती त्यांच्यामधून चालत गेली, पलीकडच्या चिंचोळ्या खोलीत शिरली, आणि दांड्यावर हात ठेवला.

इतक्या वर्षांची सवय. हात वर गेला की तोंड आपोआप खिडकीकडं वळायचं. ते वळलं.

"सोडू का गं?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. म्हातारी चळली म्हणतील, तिच्या मनात आलं.

"थांबा हं."

आवाज मोठा नव्हता. ओट्याशी वाकलेल्या माणसाचा यावा तसा, किंचित दबलेला.

मुकादमिणीचा हात दांड्यावर तसाच राहिला. पलीकडून टक असा आवाज आला. मग पुन्हा टक. एकेक करून, घाई न करता, कोपऱ्यापासून भिंतीकडच्या टोकापर्यंत. काचेच्या शेगड्यांना फिरवायची बटणं नव्हती. त्यांना नुसतं बोट लावायचं असतं आणि त्या चिवचिवतात. हा आवाज जुन्या पितळी बटणांचा होता.

शेवटचा टक. एक श्वास.

"सोडा."

तिनं दांडा वर केला. तो राहिला.

ती वळसा घालून स्वयंपाकघरात आली. कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या काचेवर तिनं तळवा ठेवला, ती थंडगार होती. बटाट्याच्या पोत्यावर ती टेकली. रडू आलं नाही, आधी रागच आला. आलीस ती आलीस, आणि आलीस कुठं, तर कामावर. घरी यायचं सुचलं नाही. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचं सुचलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की आपण रागावलोय ते माणूस उशिरा परतलं म्हणून रागवावं तसं, आणि ती उठून बटाटे सोलायला बसली.

त्या दिवशी एकही पातेलं काळं झालं नाही.

तेव्हापासून दांडा वर करायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं. "तुम्हाला धड जमत नाही," एवढंच कारण दिलं. भांडीवालीनं एकदा तिच्याकडं नीट बघितलं आणि ती पुन्हा घासायला वाकली. वास गेला. दांडा पडायचा थांबला. रोज सकाळी विचारायचं, रोज तेच उत्तर, तोच हात फिरवणं, तोच श्वास.

त्याखेरीज एक शब्द नाही. मुकादमिणीनं करून बघितलं. "पोरगी बरी आहे गं," ती एकदा खिडकीत म्हणाली. "तुझ्यासारखं नाक झालंय तिचं." मग एका सकाळी, दांड्यावर हात ठेवून, तिनं ते विचारलं जे दवाखान्यात विचारता आलं नव्हतं. "त्या दिवशी तू लगेच सोडा का गं म्हणालीस?"

बराच वेळ ती उभी राहिली. छताजवळच्या खिडक्यांतून पहिले बूट दिसायला लागले. शेवटी तिनं रोजचं विचारलं, आणि रोजचं उत्तर आलं. थांबा हं.

तेवढ्यानंच तिच्या मनात कुठंतरी काटा रुतला. एक दिवस चुकत नव्हता. एक बटण चुकत नव्हतं. मेल्यावरसुद्धा जी बाई विसरत नाही, ती जिवंतपणी कशी विसरली?

मग पाहुणे यायचा दिवस ठरला. दुसऱ्या गावांतल्या शाळांची माणसं विजेवरचं स्वयंपाकघर बघायला येणार होती. मुलानं सगळं आखलं होतं. बायकांनी नवे ॲप्रन घालून बाहेर बोळात उभं राहायचं. स्वयंपाकघर रिकामं, लखलखीत, खिडक्या झाकून अंधारात. मग तो दांडा वर करणार, सगळे दिवे आणि सगळ्या शेगड्या एकदम जाग्या होणार, आणि मुख्याध्यापिका पाहुण्यांना आत घेऊन येणार.

मुकादमीण पेटीच्या खोलीत उभी होती. मागं वळली तर तो उभा. नेहमीसारखा, आवाज न देता.

"आई, तू बाहेर जा. ॲप्रन घाल. हे मी करतो."

"मी करते. तुला जमायचं नाही."

"दांडा वर करायला काय जमायचंय?"

"आधी विचारावं लागतं."

"कुणाला?" तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं तोंड कडवट झालं. "आई, ते गॅसच्या वेळचं होतं. ही वीज आहे. तिला काय विचारायचं?"

ती बाजूला झाली. कर बाबा.

त्यानं दांडा वर केला. खाड.

पुन्हा केला. खाड.

बोळातून पाहुण्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी हसलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एकच मिनिट हं, आता होईलच." मुलानं दोन्ही हातांनी दांडा रेटून धरला. तो त्याच्या तळव्यांना ढकलून खाली आला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"तू रोज काय करतेस?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"विचारते."

"काय विचारतेस?"

"आठवत नाही? अख्खा हिवाळा तूच विचारायचास."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. एकदाचं उरकून टाकावं तसं त्यानं तोंड खिडकीशी नेलं आणि भिंतीशी बोलावं तसं म्हटलं, "सोडू का."

आत अंधार होता.

"थांबा हं."

त्याचा हात दांड्यावरून सुटला.

टक.

"आत कोण आहे?"

कोण आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच उतरलेलं होतं. आवाज त्यानं ओळखला होता. जिच्याशी संसार केला तिचा आवाज कोण विसरतो?

टक.

"आई," तो म्हणाला. "हे थांबा काय आहे?"

तिला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"ती म्हणायची तेच आहे."

"ती असं म्हणायची?"

टक.

मुकादमीण त्याच्याकडं बघत राहिली.

"रोज म्हणायची," ती हळू म्हणाली. "एकही दिवस चुकली नाही. तुला नव्हती म्हणत?"

त्यानं खिडकीकडं पाठ केली.

तो हिवाळा तिच्या डोळ्यांपुढून सरकत गेला. पाय उशीवर घेऊन ती पडलेली, आणि सून अंधार असतानाच घरातून निघालेली. रोज थोडी लवकर, आणखी लवकर. "घरचं काम चुकवतेस," असं ती अंथरुणातून म्हणाली होती. सून दारात थांबून म्हणाली होती, "नाही हो आई. तिकडचं आधी उरकलेलं बरं." तो पोचायच्या आत. कॉकला हात लागायच्या आत.

"रोज बंदच असायची," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी जायचो तेव्हा रोज बंदच असायची सगळी. त्या दिवशी मीच लवकर गेलो. मला वाटलं, बंदच असतील."

टक.

आता भिंतीकडचं शेवटचं बटण. मुकादमिणीला कानानं सगळी पाठ होती.

ते वाजलं नाही.

श्वास नाही. सोडा नाही.

खिडकीतून हवा आली. गरम. तिच्यात तो वास होता.

"झालं का हो?" बोळातून मुख्याध्यापिकांचा आवाज आला.

मुलाचा हात आपोआप दांड्याकडं गेला. त्याच्या आईनं तो वरच्यावर धरला. तिच्या बोटांना काजळी लागली. त्याचा अख्खा तळवा काळा होता.

"आई, ती सोडा कधी म्हणणार?"

"मला नको विचारू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आजपासून या खिडकीशी मी यायची नाही. तू यायचं. रोज सकाळी विचारायचं, आणि ती म्हणेपर्यंत उभं राहायचं. बाहेर पाहुणे ताटकळू देत, पोरं उपाशी राहू देत, तुझी भाषणं चुलीत जाऊ देत. आणि आज घरी आलास की दार वाजवायचं, पोरीला हाक मारायची, आणि मला जे आत्ता सांगितलंस ते तिला सांगायचं. तिची आई वेंधळी नव्हती रे. तिला कुणी विचारलंच नाही. आता विचारलं आहेस, तर थांब."